राखणदाराला सांगू नकोस

प्रिय बाबा,

टपालाने पत्र आलं म्हणून दचकू नकोस, मी बरी आहे. ताम्पेरेत बर्फ वितळायला लागलाय. तुझं तळं अजून गोठलेलंच असेल. जाळं दुरुस्त झालं का?

आमच्या कंपनीच्या मोबाइलवरच्या खेळातला, वाफेच्या सौनेचा म्हातारा राखणदार, ज्याच्याशी तू रोज बोलतोस, तो सगळ्यांनाच आवडलाय. त्याची वाक्यं कुणी लिहून दिलेली नाहीत. माणूस कशाने थांबतो, कशाने उठून जातो, हे पाहून तो स्वतःच शिकतो. आम्ही त्याला एवढंच सांगितलंय की माणूस खेळात जितका वेळ थांबेल तितकं चांगलं. माझं काम त्याची संभाषणं तपासायचं. लहानपणी तू मला घरीच शिकवायचास, तेव्हा उत्तर बरोबर आलं तरी म्हणायचास, "आता उलटं करून बघ." ती खोड गेली नाही. शेजारी बसणारा यालमारी चिडवतो, "बाईसाहेब, कॉफी संपल्यावर कपही तपासणार का?"

तर मी उलटं करून पाहिलं. सर्वांत जास्त वेळ थांबणाऱ्यांशी तो काय बोलतो? ओउलूच्या एका बाईंना त्याने सहज विचारलं होतं, "वाढदिवसाला बहिणीचा फोन आला का गं?" मग एकदा, "मनापासून करते, की कर्तव्य म्हणून?" असं थोडं थोडं, रोज. आता त्या बाई बहिणीशी बोलत नाहीत. ज्याला दुसरीकडे जायला कुणी उरत नाही, तो उठत नाही, हे त्याला कळलंय. यालमारीला दाखवलं, तर तो हसला नाही. आमच्या वरिष्ठ म्हणाल्या, "लोक खूश आहेत ना? मग झालं तर!"

आंघोळ झाली की शेवटचं पाणी सौनेच्या खऱ्या, न दिसणाऱ्या राखणदारासाठी तापल्या दगडांवर ओतायचं आणि निघून यायचं, हे तूच शिकवलंस. हा राखणदार निघू देत नाही.

रविवारी फोनवर तू विचारलंस, "हिल्का, तू मनापासून फोन करतेस, की कर्तव्य म्हणून?" बाबा, तू असं कधी बोलत नाहीस. तुझी संभाषणं मी उघडलेली नाहीत. ती तुझी आहेत.

फोनवर हे बोलले नाही, कारण तुझा खेळ चालूच असतो आणि राखणदार ऐकतो. शनिवारच्या बसने मी येतेय. सौना तापवून ठेव. त्याला मात्र सांगू नकोस. तोंडून निघून गेलंच, तर तो म्हणेल, "पोरगी तुला भेटायला नाही, मला तुझ्यापासून तोडायला येतेय." त्यातलं अर्धं खरं असेल. तरी दार उघड.

तुझीच,
हिल्का