अख्खे धणे

१८ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून शाळेत परसबाग. रिटायर होऊन सहा वर्षं मुखेडच्या बसस्टँडवर चहा पिऊन राहिलो, आता पुरे. मुख्याध्यापक वकार सर म्हणाले, या गुरुजी, खिचडीला कोथिंबीर हवीच आहे. पूर्वी शाळेमागे केवढी बाग होती. (केवढी ते आठवत नाही. पण होती.)
संकल्प : प्रत्येक वाफ्याला एक कविता.

२० नोव्हेंबर
आज संताप. खिचडी शिजवणारी शिवम्मा पेरणीचे धणे फरशीवर पसरून चपलेने रगडत होती. अन्नावर चप्पल. मुलांसमोरच बोललो. म्हणालो, बाई, बी म्हणजे लेकरू, लेकराला कोणी असं तुडवतं का. चाळीस मुलं हसली. ती म्हणाली, बरं गुर्जी. फुटलेले धणे पदरात घेऊन गेली.
मग मुलांकडून अख्खे धणे एकेक करून लावून घेतले. दाण्याला कवितेची एक ओळ. दृश्य फार सुंदर.

२ डिसेंबर
काही उगवलं नाही. माती कडक असावी. किंवा पाखरं. तिसरीतली मनतशा विचारते, गुर्जी, धणे झोपले काय. म्हणालो, हो, थंडी आहे.

९ डिसेंबर
तीन कोंब. चष्मा लावून पाहिलं. तिन्ही हरळीचे.
स्वयंपाकघरामागे भांड्यांचं पाणी जातं, तिथे शिवम्माने पेरलेली कोथिंबीर दाट आली आहे. वास वर्गापर्यंत. तिथली माती चांगली, हे उघड आहे.

१६ डिसेंबर
मोबाइलवर पाहिलं. एका धण्यात दोन बिया असतात म्हणे. रगडून फोडल्याशिवाय नीट उगवत नाही. घरी आमच्या हिला सांगितलं. ही म्हणाली, हे साऱ्या मुखेडला ठावं हाय, तुम्ही पुस्तकातच राहिलात.
शिवम्माची माफी मागणे. उद्या.

१७ डिसेंबर
ती भांडी घासत होती. कामात व्यत्यय नको.

१८ डिसेंबर
ती भांडी घासत नव्हती. पण मुलं होती.

२३ डिसेंबर
जिल्ह्याहून शिक्षण खात्याचे साहेब आले. न सांगता. मुलांसमोरच म्हणाले, बाग दाखवा. माझे पाय आपोआप स्वयंपाकघरामागे वळले. म्हणालो, ही आमची. खोटं नाही, शाळा आमचीच आहे. साहेबांनी विचारलं, पद्धत कोणती. तोंडातून निघालं, माया. त्यांनी डायरीत लिहून घेतलं. शिवम्मा दारात उलथनं घेऊन उभी. माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली.
जेवण गेलं नाही. पित्त असावं.

३ जानेवारी
कार्यक्रमाचा विस्तार. नायगाव आणि बिलोलीकडच्या पाच शाळांचा मी मार्गदर्शक. पाची शाळांच्या शिक्षकांना एकत्र बोलावून नायगावला व्याख्यान झालं. खरं सांगायचा प्लॅन पक्का होता. पण साहेब पहिल्या रांगेत. त्यांतल्या एका शाळेच्या सुकन्या मॅडमनी विचारलं, धणे फोडून घ्यायचे का. साहेबांकडे पाहिलं. त्यांच्या हातात तीच डायरी. म्हणालो, अख्खेच लावा, माया महत्त्वाची. टाळ्या.
परत येताना एसटीत खिडकीशी बसलो तरी बाहेर बघवेना.

२० जानेवारी
पाची शाळांतून फोन. एकीतही कोंब नाही. सुकन्या मॅडम म्हणतात, गुरुजी, मुलं रोज वाफ्यापाशी बसून राहिलीत, आम्ही माया वाढवावी का.

२१ जानेवारी, संध्याकाळ
शिवम्माच्या घरी गेलो. दारातच सगळं सांगितलं. चपलेचं, साहेबांचं, पाच शाळांचं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, ठावं हाय गुर्जी. विचारलं, मग साहेबांसमोर का नाही बोललीस. म्हणाली, लेकरं होती की तिथं. चारचौघांत हसं झाल्यावर कसं वाटतं, मला म्हाईत व्हतं.
मला खुर्ची दिली. बसा म्हणाली नाही.
जरा वेळाने म्हणाली, उद्यापासून एकेका शाळेत जाऊन दावून येते, लई काम न्हाई त्यात. मी म्हणालो, मीही येतो, सगळ्यांसमोर तुझं नाव सांगतो. ती म्हणाली, हाव, या की. पर कविता नका म्हणू, शेवटची एसटी चुकती.