चहा ठेवायला उठणारे अध्यक्ष

प्रिय बाबा,

रविवारी इथल्या आपल्या मराठी मंडळाच्या मीटिंगमध्ये मी तुमची युक्ती वापरली आणि माझी पार फजिती झाली. की नाही झाली? तेच कळत नाहीये, म्हणून लिहायला बसले. तुम्ही असतात तर फोन केला असता, आणि "बघू" म्हणून तुम्ही तो आईकडे दिला असतात.

हो, तुमच्या जागी आता मी अध्यक्ष आहे. तुमची मुलगी म्हणून! जणू हे रक्तातच येतं.

खरं सांगा, तुम्ही ते मुद्दाम करत होतात का? हॉलमध्ये भांडण पेटलं, की अध्यक्षमहाराज खुर्चीतून उठून किचनमध्ये! केटल लावायची, कप विसळायचे, बिनसाखरेचा कुणाला ते आठवायचं. बाहेर मोठमोठे डॉक्टर तावातावाने बोलतायत, पण निवाडा मागायला समोर कुणी नाहीच. तुम्ही ट्रे घेऊन यायचात तोवर त्यांचं त्यांनीच काहीतरी ठरवलेलं असायचं. "अरे वा, छान," एवढंच तुम्ही म्हणायचात. मला इतका राग यायचा! एकदा तरी तुम्ही टेबलावर हात आपटावा, असं वाटायचं.

मग रिटायर झाल्यावर शेजारचे हाँगकाँगचे मिस्टर लाउ भेटले, आणि मेडनहेडला नदीकाठी त्यांच्याबरोबर फिरता फिरता तुम्हाला ताओ सापडला, ते जुनं चिनी तत्त्वज्ञान. "नीलू, हे ताओवाले म्हणतात, राज्य करणाऱ्याने खालच्या पायरीवर बसावं आणि जमेल तितका हात आवरावा."

मी विचारलं, मग राज्य चालतं कसं? तुम्ही हसलात. "मी जन्मभर भूल दिली. माझं काम नीट झालं, तर पेशंटला मी आठवतसुद्धा नाही. चॉकलेटचा बॉक्स सर्जनला. काही बिघडलं का?"

परवा आईला विचारलं. ती म्हणाली, "कसला ताओ नि काय! ह्यांना भांडण सोसायचं नाही, म्हणून पळायचे. माझ्या भावांसमोरूनही पळायचे." खरं काय, बाबा? भिडस्त माणसाला म्हातारपणी आपल्या स्वभावाचं एक छानसं नाव सापडलं, एवढंच का? मला तर दोन्ही पटतं.

आता रविवारचं ऐका. तुमची नात इरा हल्ली ब्रॅकनेलला एका आयटी ऑफिसात आहे. तिचं आणि तिच्या मित्रमंडळींचं म्हणणं, गणपतीत एकच आरती म्हणायची, सावकाश, अर्थ सांगून.

कुलकर्णीकाका भडकले. "एकच आरती? मग सरळ केक कापा की!"

"काका, आम्हाला मीनिंग कळत नाही, म्हणून सगळं फास्ट म्हणून टाकतो. एकच म्हणू, पण प्रॉपर."

मग सगळे माझ्याकडे वळले. हो म्हणावं, तर लेकीची बाजू घेतली असं होणार. नाही म्हणावं, तर इरा मंडळ सोडणार. आणि मंडळ सुटलं, की माझ्याकडे यायला तिला कारण तरी काय उरणार? मी उठले आणि केटल लावली.

पण मी दाराला कान लावून उभी होते, बाबा! तुम्हीही लावायचात का? एवढं तरी सांगून जायचंत.

चहा घेऊन बाहेर आले, तर ठरलेलं होतं. मुलांचा गणपती वेगळा, ब्रॅकनेलला. कुणी चिडलेलंही नव्हतं. कुलकर्णीकाका तर त्यांना समई द्यायला निघाले होते. "अरे वा, छान," मी म्हटलं, आणि कप आवरायच्या निमित्ताने आत जाऊन रडले. हात आवरला की माणसं निघूनही जातात, हे तुमच्या ताओवाल्यांनी सांगितलं नव्हतं का?

इरा मागोमाग आली. "आई, तू स्टॉप का नाही केलंस? मला वाटला, तू अध्यक्ष म्हणून कास्टिंग व्होट वापरणार."

"वापरलं असतं तर?"

"तर मी गेले असते. अँग्री होऊन." ती जरा घुटमळली. "आता पण जातेय. पण तू ये ना! मागे बस, ॲज अ गेस्ट. नो इन्स्ट्रक्शन्स, ओके? आमचा आरती आहे."

तिने मला बोलावलं, बाबा! इतकी वर्षं मीच तिला कुठे कुठे ओढून नेत होते. तिने आपण होऊन मला कुठे बोलावल्याचं मला आठवतच नाही. हे तुमच्या युक्तीने झालं, की माझं नशीब? तुम्हाला तरी नक्की माहीत होतं का?

ते असो. तुम्हाला वचन देते. मी ब्रॅकनेलला जाईन, शेवटच्या रांगेत बसेन. शब्द चुकले, ताल गेला, निरांजन उलटं फिरलं, तरी तोंड उघडणार नाही. इराने विचारलं, तरच सांगेन. आणि तिने नाहीच विचारलं, तरी पुढच्या वर्षी परत जाईन.

तुमची,
नीलू