वर्नेलचं भांडं

४ मे
पोचलो एकदाचे! दोन दिवस गाडी हाकून डॅरेलची मान अवघडली आहे, पण स्वारी खुशीत आहे. क्लीव्हलँडमध्ये दोन कोंदट खोल्यांना जेवढं भाडं भरत होतो, त्याहून कमी हप्त्यात इथे अलाबामात पुढेमागे व्हरांडा, पेकानची तीन झाडं आणि टेसाला उधळायला अख्खं आवार. सहा वर्षांची पोर, पण सामान उतरेपर्यंत तिने घराला अकरा फेऱ्या मारल्या. मी बारा वर्षं इस्पितळाच्या तातडीच्या विभागात परिचारिका होते, त्यामुळे घाई माझ्या हाडीमाशी खिळली आहे. इथला दुकानदार दुधाची बाटली हातात देण्याआधी माझ्या आईची खुशाली विचारतो. होईल सवय.

६ मे
सकाळपासून शेजारणींची रीघ. कोणी कोंबडी-भात आणला, कोणी मक्याचा पाव, कोणी केक. प्रत्येक भांड्याच्या बुडाला पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर मालकिणीचं नाव. एक निळ्या काठाचं भांडं मात्र कोणीतरी हाक न मारताच व्हरांड्यात ठेवून गेलं होतं. आत गरमागरम पीच कॉब्लर, फळांच्या फोडींवर पिठाचा थर देऊन भाजलेलं गोडधोड; पट्टीवर नाव 'वर्नेल'. ते टेसाने एकटीने फस्त केलं आणि वर चमचा चाटला.

९ मे
सगळी भांडी घासूनपुसून, लखलखीत करून घरोघरी परत केली. बायका आधी भांड्यात डोकावायच्या, मग माझ्याकडे बघून गोड हसायच्या. त्या हसण्यात काहीतरी होतं, पण मी लक्ष दिलं नाही.
निळं भांडं तेवढं उरलं. समोर राहणाऱ्या मिस ओडेला ऐंशीच्या पुढच्या आहेत, त्यांना विचारलं. त्यांनी भांड्याला हात लावला नाही. ती चर्चच्या मागे भेटेल, देवदाराखाली, एवढंच म्हणाल्या. गेले तर तिथे थडगं! वर्नेल प्रुइट, जाऊन तीस वर्षं झाली. म्हातारीने चेष्टा केली म्हणायची. मीही चिडून भांडं त्या शिळेवरच ठेवून आले. रिकामंच.

१० मे
भांडं पुन्हा व्हरांड्यात. पुन्हा कॉब्लर, हात भाजेल इतकं गरम. माझं लक्ष जाईपर्यंत टेसाने अर्धं संपवलं होतं.

१४ मे
टेसा आता धावत नाही. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवते, थांबते, मग पुढची चढते. तिच्या शाळेतल्या बाई खूश आहेत, पोर फार शहाणी झाली म्हणतात. डॅरेल हसून म्हणतो, इथलं वारं लागलं. मी तिची नाडी मोजली. तिची नेहमी पंच्याण्णवच्या आसपास असते. आज सत्तर.

१७ मे
डॉक्टर म्हणतात, काही नाही, शांत स्वभावाची मुलगी आहे. शांत! माझी टेसा!
भांडं मी कचऱ्याच्या पिंपात फेकलं होतं. दुपारी स्वयंपाकघरात गेले तर टेसा त्याच भांड्यातलं कॉब्लर बोटांनी चाटत होती. नाडी बावन्न.

१८ मे
मिस ओडेलांच्या व्हरांड्यात जाऊन बसले आणि सगळं सांगून टाकलं. आधी त्यांनी मला गार गोड चहा दिला. मग म्हणाल्या, "अगं पोरी, भांडं कधी रिकामं परत करतात का? एक रताळं टाकलं असतंस तरी भागलं असतं. रिकामं पाठवलंस, म्हणजे अजून हवं असं सांगितलंस."
मला कोणीच का नाही सांगितलं, असं विचारलं. तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. वर्नेलची मुलगी सहा वर्षांची असताना तापाने गेली होती. वर्नेलचं तेव्हा गावाशी भांडण होतं, म्हणून मयताच्या घरी एकही बाई अन्न घेऊन गेली नाही. मिस ओडेलाही गेल्या नाहीत. ती स्वतः गेल्यापासून लहान मूल असलेल्या प्रत्येक नव्या घरी भांडं ठेवते.
"तिला अन्न नको आहे, बाळा," त्या म्हणाल्या. "तिला सोबत हवी आहे. आणि तिचं नाव आम्ही तोंडातून काढत नाही, लाज वाटते म्हणून."
लाज वाटते! तुमच्या लाजेपायी माझं लेकरू?

२० मे
भात केला, पाव भाजला, कोंबडी तळली. भांडं काठोकाठ भरून थडग्यावर ठेवलं, गुडघे टेकून माफी मागितली. घरी आले तर ते पायरीवर माझ्याआधी हजर. माझं अन्न जसंच्या तसं, वर कॉब्लरचा थर. भांडं उलटं केलं. बुडाला नवी पट्टी, तिच्यावर नाव 'टेसा'.

२१ मे
पळालो. घर गेलं खड्ड्यात. नदीवरच्या पुलापर्यंत टेसा माझ्या मांडीवर डोळे मिटून होती. पूल लागला आणि तिचा श्वास थांबला. मी छाती दाबत होते, डॅरेल ओरडत होता. त्याने गाडी वळवली, तेव्हा कुठे एक श्वास आला. मग बऱ्याच वेळाने दुसरा.
परत आलो. दुसरं काय करणार?

२२ मे
नाडी एकतीस. 'आई' म्हणायला तिला खिडकीतलं ऊन टेबलावरून जमिनीवर उतरेपर्यंत वेळ लागतो. डॅरेल पाद्र्यांना आणायला गेलाय. टेबलावर भांडं. गरम.
पट्टी खरवडून काढली. नवी लावली, तिच्यावर माझं नाव लिहिलं — ग्रेचेन.
सोबतच हवी ना, वर्नेल? मी येते. मोठी आहे, कामाची आहे. तिला सोड.
सगळं खाल्लं. चाटून-पुसून.

त्याच दिवशी, दुपारी
हात जड. एकेक अक्षर — पण टेसा उठली! नाडी ऐंशी. नव्वद. माझी मोजत नाही.
ती आवारात धावतेय. एक फेरी. दुसरी. मी व्हरांड्यातल्या खुर्चीत. हसतेय बहुतेक, हसू अजून ओठांपर्यंत पोचलं नाही.
चौथी फेरी.
फाटकाशी एक बाई उभी आहे. तिच्या हातात — निळ्या काठाचं — पण ते तर इथे, माझ्या मांडीवर —
टेसा तिच्याकडे धावतेय. किती जोरात धावते माझी पोर.
हाक मारते आहे. अजून 'टे' सुद्धा —
बाईने हात पुढे केला.
उठायला हवं. उठते. उठ