झाकणावरचं नाव

सर, थकले आहे म्हणून लिहिते आहे. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं होत आली. मधल्या काळात सांगण्यासारखं चांगलंही घडलं, पण तेव्हा मला वेळ नव्हता. आता रजा टाकून घोडेगावला भावाकडे येऊन बसले आहे. बाहेर बाजाराच्या म्हशी टेम्पोतून उतरताहेत, वहिनीने दोनदा चहा आणून ठेवला आणि दोन्ही वेळा तो गार झाला. पुण्याला माझ्या प्रयोगशाळेत पाऊल टाकायची इच्छाच होत नाही.

कॉलेजातलं निर्जंतुक करायचं यंत्र बंद पडलं होतं, म्हणून त्या रविवारी तुम्ही मला घरी बोलावलंत. काकूंच्या स्वयंपाकघरात आपण बटाटे उकडले, त्यांचं पाणी गाळून त्यात साखर आणि ते घट्ट व्हायला अगर पावडर घातली आणि त्यांच्याच कुकरमध्ये शिट्ट्या केल्या. काकू पुटपुटत होत्या की बुरशीला गोडधोड आणि घरच्यांना कालचं कालवण. तुम्ही कांदाचाळीतला सडका कांदा आणला होता, काळी भुकटी धरलेला. ती भुकटी सुईच्या टोकावर घेऊन मी ते मिश्रण ओतलेल्या काचेच्या प्लेटमध्ये लावते आहे, झाकणावर नाव लिहिते आहे, आणि तुम्ही माझ्या हातातलं पेन काढून घेता. "झाकणावर लिवू नको, पोरी. झाकण कुठल्याबी बशीला बसतं. खाली बुडावर लिव, जिथं ती वाढती तिथं." चार तर प्लेटी होत्या! मला भयंकर राग आला होता.

पुढे मी माणसाच्या अंगात राहणारी बुरशी संशोधनाला घेतली. एरवी ती गोल, गरीब पेशी. माणूस आजारी पडला की तिला तंतू फुटतात आणि ते रक्तात, मूत्रपिंडात शिरतात. 'आता फूट' हा निरोप पेशीच्या आत कोण पोचवतं, ते मला शोधायचं होतं. एक जनुक काढून टाकलं आणि तंतू थांबले. निरोप्या सापडला म्हणून मी नाचले. त्यावरचा माझा शोधनिबंध छापून आला तेव्हा त्याची झेरॉक्स तुम्ही कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लावलीत. नोकरी, प्रयोगशाळा, मान, सगळं त्याच निबंधावर उभं राहिलं.

माझ्याकडे पीएचडी करणारी एक मुलगी आहे, भंडारदऱ्याकडची. तीन वर्षं ती तेच जनुक काढते आहे आणि दरवेळी तंतू फुटतात. दरवेळी मी तिला सगळ्यांसमोर म्हणाले की तुझा हात स्वच्छ नाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय! गेल्या आठवड्यात तिने त्या निबंधातली बुरशी साठवलेली माझीच जुनी ट्यूब फ्रीजरमधून काढून तपासली. त्यात ते जनुक जागच्या जागी होतं. म्हणजे ट्यूबमध्ये भलतीच बुरशी होती, मुळातच तंतू न फुटणारी. तुलनेसाठी मी ती शेजारच्या प्लेटमध्ये वाढवली होती. तरी पोरगी स्वतःलाच बोल लावते. काल फोनवर म्हणाली, "मॅडम, माझंच चुकत असंल. सोडून देऊ का पीएचडी?" मी म्हणाले, परत करून बघ.

सर, तिला काही परत करायची गरज नाही. त्या जुन्या प्रयोगाच्या दिवशी मला घाई होती, नावं मी झाकणांवर लिहिली होती. झाकणांना आतून पाणी सुटलं, म्हणून दोन्ही उचलून झटकली, आणि ठेवताना कळेना कुठलं कुठल्या प्लेटचं. अंदाजाने ठेवली. पुन्हा सगळं करायचं तर महिना गेला असता. पुढचे सगळे प्रयोग त्याच प्लेटमधल्या बुरशीवर झाले, आणि उत्तर हवं तसंच येत गेल्यावर शंकेला कोण विचारतं? मला लाज वाटते. चुकीची नाही तेवढी, त्या पोरीला बोलले त्याची वाटते.

निबंध मागे घ्यायचं पत्र लिहून झालं आहे, ते आज जाईल. हे जाणार नाही. तुम्ही वाचणार असतात तर मी लिहिलंही नसतं. आत्ता इथवर लिहून थांबले आणि तिला फोन लावला. मी काही बोलायच्या आधीच ती म्हणाली, "मॅडम, सकाळीच परत लावलंय." मी म्हटलं, बंद कर, चूक माझी आहे, पहिल्यापासून माझीच आहे. ती रडायला लागली. तिचं रडणं ऐकताना मला हलकं वाटत होतं, सर. तेवढं मात्र मी तिला सांगितलं नाही.