भगवानरावांची पदं आणि लाल अक्षरं

२ मे
ठरलं. माझ्या साखरपुड्याला मांजरसुंब्याच्या मंगल कार्यालयात एलईडी बोर्डावर पाहुण्यांची नावं फिरणार. बोर्ड माझा दोस्त पप्पूचा, सी भाषेतला प्रोग्राम माझा. होणारे सासरे भगवानराव सगळीकडं विचारत फिरतात, पोरगा घरी बसून नेमकं करतो काय. आता बघतीलच.

५ मे
प्रोग्राम तयार. प्रत्येक नावाला मेमरीत चौसष्ट बाइट जागा. भरपूर झाली. घरातली आप्पा, म्हाळू, अंजना, तिन्ही नावं झकास फिरली. आप्पा म्हणाले, बोर्डावर नाव आलं, आता तुझं नोकरीच्या यादीत कधी येतंय. बाप आहे, बोलायचाच.

६ मे, सकाळ
धनश्रीला प्रोग्राम पाठवला. ती पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टर आहे. होणाऱ्या नवऱ्याचं डोकं तिलाही कळू दे.

६ मे, संध्याकाळ
कौतुक राहिलं बाजूला. म्हणाली, बाबांचं नाव सगळ्या पदांसकट टाकून बघा, आणि कंपाइल करताना ॲड्रेस सॅनिटायझर लावा. हाताला लावायचा नव्हे. मेमरीत कोण कुणाच्या जागेत घुसलं ते पकडणारा. लावला. प्रोग्राम जागीच आडवा, स्क्रीनभर लाल अक्षरं. म्हणे हीप बफर ओव्हरफ्लो, अमुक ओळीत. म्हणजे पंगतीत एकाच्या पत्रावळीतली आमटी शेजारच्याच्या भातात गेली, एवढंच. त्यासाठी अख्खी पंगत उठवायची? लई आगाऊ टूल.

८ मे
धनश्रीनं पुन्हा समजावलं. मराठीचं एकेक अक्षर तीन बाइट खातं, काना-मात्रा वेगळ्या. बाबांची पदं चौसष्टात कशी मावतील, जागा वाढवा. करतो म्हणालो. उद्यापासून पहाटे उठून मेमरीचा अभ्यास.

९ मे
दहाला उठलो. उकाडा फार.

११ मे
तोडगा सापडला. सॅनिटायझर काढून कंपाइल केलं की लाल अक्षरं येतच नाहीत. म्हणजे दोष टूलमध्ये होता. नुसतं 'भगवानराव' टाकलं, मस्त फिरलं. पदं काय, ऐनवेळी टाकता येतील. धनश्रीला सगळं ओके कळवलं. तिनं विचारलं, जागा वाढवली का. मी म्हणालो, विश्वास नाही का माझ्यावर. ती म्हणाली, एवढं एक ऐकलंत का नाही त्यावरून पुढचं कळेल मला. बायकांना बारीकसारीक गोष्टींची फार काळजी.

१८ मे
साखरपुड्याला भगवानराव फेटा बांधून आले. एक पद राहिलं तर हा माणूस न जेवता उठतो, हे त्यांच्या अख्ख्या लिंबागणेश गावाला माहीत. पप्पूनं लॅपटॉप पुढं सरकवला. मी सगळं टाइप केलं: सोसायटीचे चेअरमन, तालुका उपाध्यक्ष, शेवटी माजी उपसरपंच. एंटर.
त्यांची ओळ छान आली. मेमरीत त्यांच्या शेजारची जागा माझी. पुढची ओळ आली, 'नवरदेव: माजी उपसरपंच'.
मांडव हसून लोळला. विरोधी पॅनलच्या एकानं भगवानरावांना हार घातला, म्हणाला, या वयात हिंमत केली, अभिनंदन.
धनश्री हसली नाही. सॅनिटायझर काढला होता का, एवढंच विचारलं. मी म्हणालो, व्होल्टेज कमी-जास्त झालं. ती म्हणाली, चूक कुणाचीही होते, पण इशारा दिसू नये म्हणून तो बंद करणाऱ्या माणसाशी मला लग्न करायचं नाही. अंगठी डबीतच राहिली. भगवानराव आप्पांना म्हणाले, सैपाक झालाय, जेवून जा. आमी जेवलो.

१९ मे
व्होल्टेजच होतं. पप्पूला तसं सांगितलं. तो म्हणाला, कावून खोटं बोलतो बे. त्याला विजेतलं काही कळत नाही.

२४ मे
घास उतरत नाही. उन्हाळ्यानं असेल.

१५ जून
जागा वाढवली. सॅनिटायझर लावून प्रोग्राम चालवला, एक लाल अक्षर नाही. पप्पूला त्याच कार्यालयाची ऑर्डर आली, नावं मलाच भरायला सांगितली. साखरपुडा धनश्रीचा आहे, मुलगा उमापूरचा. त्याचं नाव वडिलांच्या पदांसकट लांबलचक आहे.
सगळं बसलं. एक अक्षर सांडलं नाही.