स्वच्छ जखम

४ जानेवारी
वयाच्या बावन्नाव्या वर्षी मला नवी नोकरी लागली, तीही अक्षरामुळे. सव्वीस वर्षं फळ्यावर संस्कृत लिहिलं, तेव्हा अक्षराकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. आता तेच केकवर काढायचं म्हटल्यावर मालकीणबाईंनी चष्मा दोनदा पुसून पाहिलं. बेकरीमागच्या थंड खोलीत उभं राहायचं आणि चॉकलेटच्या बारीक धारेनं नावं नि शुभेच्छा लिहायच्या. आज एकोणीस जणांना दीर्घायुष्य दिलं. इतक्या झपाट्यानं तर ऋषीही देत नसावेत. राहायला वरच्याच मजल्यावर खोली आहे, खिडकी पूर्वेला. थोरल्या ताईचा फोन आला होता. ‘जेवलास का’ या एका प्रश्नात तिचं समग्र वाङ्मय सामावलेलं असतं.

९ जानेवारी
थंड खोलीतला माझा सोबती फुस्सराव. क्रीमच्या बाटलीत तो बोटाएवढं गॅसचं नळकांडं बसवतो, फुस्स होतं आणि क्रीम फुगतं. नाव त्यावरून पडलं. जेवणाच्या सुट्टीत तोच गॅस तो स्वतः ओढतो आणि मिनिटभर खदाखदा हसतो. विद्यार्थ्यानं विभक्ती चुकवल्यावर पाहावं तसं मी त्याच्याकडे पाहिलं. पंडितराव, तुम्ही शेवटचं कधी हसला होतात, तारीख तरी सांगा, असं तो म्हणाला. तारीख आठवेना.

२१ जानेवारी
ओढला. इथं खोटं लिहून फसवणार कुणाला? एक मिनिटभर गुडघेदुखी गेली, वय गेलं, आणि तीन वर्षांपूर्वी वारलेली बायको शेजारच्याच खोलीत काहीतरी शोधते आहे असं वाटलं. मग मिनिट संपलं. फुस्सराव म्हणाला, घाबरता काय, दवाखान्यातसुद्धा हाच गॅस देतात. दवाखान्यात पायही कापतात, हे उत्तर मला खोलीवर आल्यावर सुचलं.

१८ फेब्रुवारी
दिवसाला किती, ते लिहीत नाही. जीभ लालभडक झाली आहे, पाणीसुद्धा झोंबतं. पायांच्या बोटांना मुंग्या येतात, त्या जात नाहीत. केकवर लिहायला मान वाकवली की मानेपासून टाचेपर्यंत वीज उतरते. फुस्सरावाला सांगितलं तर तो खूश झाला. करंट यायला लागला म्हणजे आता तुम्ही आमच्यातले, म्हणाला. त्याच्या बोटाला पत्र्याची चीर पडून पंधरा दिवस झालेत. त्यानं ती कौतुकानं दाखवली. पू नाही, ठणका नाही. बघा किती स्वच्छ, हा गॅस आतले जंतूच मारतो, असं त्याचं शास्त्र. थंड खोलीत सगळे हेच मानतात. आधार विचारण्याची माझी जन्माची खोड, पण या वेळी विचारला नाही. मला ते खरं असायला हवं होतं.

५ मार्च
सकाळी तोंडाला साबण लावून डोळे मिटले आणि सरळ बेसिनवर कोसळलो. नंतर भिंतीला धरून पुन्हा करून पाहिलं. डोळे उघडे असेपर्यंत पाय आहेत. मिटले की नाहीत.
ताईला फोनवर म्हणालो, ठणठणीत आहे. तिनं पुन्हा जेवलास का विचारलं. मग म्हणाली, तू उगाचच का हसतोयस?

११ मार्च
फुस्सराव गेला.
परवा तो कामावर कुडकुडत होता. मी म्हणालो, खोलीच थंड आहे हो. त्याच रात्री हात कोपरापर्यंत काळानिळा पडला. दोन दिवसांत संपलं सगळं. जखम शेवटपर्यंत स्वच्छ होती, असं त्याची बायको येईल त्याला सांगत होती. तक्रार कुणाकडे करावी हे तिला कळत नव्हतं.
तिथून परतलो आणि — ओढला.

१३ मार्च
थंड खोलीच्या फरशीवर लाल ठिपके. कुणाला लागलंय, असं मीच सगळ्यांना विचारत होतो. ठिपके माझ्या टेबलाशी थांबले.
टाचेत काच. चपलेच्या तळातून आरपार. माझ्या टेबलाशी एक बरणी फुटली होती, त्याला आठवडा झाला. आठवडाभर मी त्या काचेवर उभा राहून —
दुखत नाही. पू नाही.
स्वच्छ.

१४ मार्च, दुपार
फोनवरच्या हसण्यावरून संशय आलेली ताई सकाळीच येऊन थडकली आणि टाच पाहून तिनं ओढतच दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई हळू बोलल्या, म्हणून जास्त भीती वाटली. गॅसनं अंगातलं बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व निकामी झालंय, त्यावाचून रक्तातल्या पांढऱ्या पेशी तयार होत नाहीत. पू करायलासुद्धा आत लढणारं कुणीतरी लागतं काका, म्हणाल्या. तुमच्यात आता फारसं कुणी उरलेलं नाही. जंतू रक्तात शिरलेत. इंजेक्शनं आहेत, वाचाल, पण तासाभरात भरती व्हा. आणि तो गॅस पुन्हा नाही.
कपडे घेऊन येतो म्हणालो. ताई वर यायला निघाली होती. तिला औषधाच्या दुकानात पाठवलं. उगाच.

साडेतीन
पिशवी भरली. थंडी वाजतेय. ही खोली थंड नाही.
पलंगाखाली खोक्यात सहा नळकांडी उरलीत. फेकून देतो.

एकच. भरती झाल्यावर मिळणार नाही. ताईला दिसू नये म्हणून कडी लावली.

अजून एक. बायको शेजारच्या खोलीत होती. अगदी —

शेजारी खोलीच नाही. भिंत आहे.

कुणीतरी हसतंय. थांबत नाही. तोंडावर हात ठेवला तरी —

ताई दार वाजवतेय. अरे उघड, दवाखान्यातून दोनदा फोन आला, उघड ना रे, म्हणतेय. रडतेय. कडी चार पावलांवर आहे. उठतोय. उठलो असं वाटतंय. पाय दिसत नाहीत, डोळे उघडेच आहेत ना, आधी डोळे —