मडकं कोनं धरलं

मुरलीधर,

तू कॅनडातून गावच्या ग्रुपवर टाकलं, "बाहेरच्यायले हाकला." शेजारच्या रागिणीनं मले वाचून दाखवलं. लोकायले तेवढंच पाहिजे होतं. काल त्यायनं आपल्या भाडेकरूले, बिहारच्या रामजनमले, मारून गावाबाहेर काढलं.

मागच्या महिन्यात तुहा बाप गेला. तू म्हने, "निघालो तं कॅनडावाले मले परत आत घेनार नाईत." बरं. मयतीत मडकं चुलतभावानं धरलं असं तुले वाटते. मीही वाटू देल्लं. भाऊबंद डोकं भादरायले तयार नोयते, त्यायच्या घरच्या लग्नात फोटो काढाचे होते म्हने. तवा रामजनम पुढं झाला. "माई, हमरे बाबूजी गए तो हम भी नहीं पहुँचे थे." त्यानं डोकं भादरलं, मडकं धरलं, अग्नी देल्ला.

त्याच डोक्यावर काल काठी बसली. केसं अजून नीट उगवले नोयते.

हे पत्र टाकत नाई. तिकडं तुलेही कोनी बाहेरचा म्हनत असन, त्यात हे कायले? पन माहं मडकं कोन धरन, ते आज फोनवर इचारीन. पाहू, तू कोनाचं नाव घेतं.

तुही माय,
कौशल्या